संज्ञा पाठ करण्याआधी ओळ वाचायला लावणारा वर्ग

इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या बहुतेकांच्या वहीत, अगदी शेवटच्या पानांवर, एक यादी असते. डावीकडे मेटाफर, सिमिली, आयरनी, ॲलिटरेशन असे शब्द आणि उजवीकडे प्रत्येकाची दीड ओळीची व्याख्या. माझ्याही वहीत ती होती आणि परीक्षेपुरती मला ती तोंडपाठ होती. तरीही एखादी अनोळखी कविता समोर आली की त्या यादीतला एकही शब्द मदतीला धावून येत नसे. कवितेत काहीतरी घडते आहे हे जाणवायचे, पण काय घडते आहे ते सांगता येत नव्हते. ही अडचण घेऊन मी साहित्यिक संज्ञा आणि शब्दसंग्रह यांवर भर देणाऱ्या बारा आठवड्यांच्या एका ऑनलाइन वर्गात नाव नोंदवले. तो वर्ग नुकताच पूर्ण झाला. त्याचे नाव येथे देत नाही, कारण माझ्या काही तक्रारीही आहेत आणि अशा प्रकारचा कोणताही वर्ग निवडताना काय पाहावे हे सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

वर्गाची रचना साधी होती. आठवड्यातून दीड तासाची दोन सत्रे, दर आठवड्याला एक पानभर लेखन, चाळीस शब्दांची एक यादी, त्या यादीवर एक चाचणी आणि अभ्यासक्रमाच्या सुरुवातीलाच हाती मिळणारी संज्ञांची एक पुस्तिका. आम्ही अठरा जण होतो. पदवीचे विद्यार्थी, दोन शिक्षक आणि माझ्यासारखे वाचनाच्या ओढीने आलेले काही जण. सत्रांचे ध्वनिचित्रमुद्रण दुसऱ्या दिवशी मिळत असे आणि त्यात कधी खंड पडला नाही.

पहिल्याच सत्रात आमच्या शिक्षिकांनी फळ्यावर चार शब्दांचे एक वाक्य लिहिले: ‘द डोअर स्वॉलोड हिम.’ दाराने त्याला गिळले. लगेच चॅटमध्ये उत्तरांचा पाऊस पडला. कोणी मेटाफर लिहिले, कोणी पर्सॉनिफिकेशन म्हणजे निर्जीवाला माणसासारखे वागवणे, एकाने हायपरबोली म्हणजे अतिशयोक्ती. मॅडमनी सगळी उत्तरे वाचली, बरोबर किंवा चूक असे काहीच म्हटले नाही आणि एवढेच सांगितले की पुढची वीस मिनिटे कोणीही कोणत्याही अलंकाराचे नाव घ्यायचे नाही, वाक्यात काय झाले तेवढेच सांगायचे. सुरुवातीला सगळे गप्प. मग एक जण म्हणाला की दाराला तोंड नसते. दुसरी म्हणाली की गिळलेली वस्तू परत येत नाही, त्यामुळे तो माणूस बाहेर येणार नाही अशी शंका मनात येते. आणखी एकाच्या लक्षात आले की वाक्याचा कर्ता दार आहे, माणूस नाही. आत जाण्याची क्रिया खरे तर माणसाची, पण ती त्याच्याकडून काढून घेतलेली आहे. गिळणारा नेहमी मोठा असतो आणि गिळला जाणारा लहान, हे मी सांगितले. वीस मिनिटे संपेपर्यंत चार शब्दांच्या वाक्यातून आम्ही भीती, आकार आणि असहायता एवढे सगळे बाहेर काढले होते.

त्यानंतर मॅडमनी संज्ञा दिली. हे मेटाफर आहे, पण ते नामात नसून क्रियापदात दडलेले आहे. समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी 1936 मध्ये मेटाफरच्या दोन अंगांना टेनर आणि व्हेइकल अशी नावे दिली. ज्याच्याविषयी बोलायचे ते टेनर आणि ज्याच्या आधारे बोलायचे ते व्हेइकल. येथे टेनर म्हणजे दार, आणि व्हेइकल असलेले तोंड किंवा जबडा वाक्यात कुठेही उच्चारलेला नाही. तो आपण वाचताना पुरवतो. हे ऐकताना मला उपमेय आणि उपमान ही शाळेतली जोडी आठवली. शाळेत मी ती घोकली होती, पण ती कशासाठी असते हे त्या दिवशी पहिल्यांदा समजले. आधी गोष्ट दिसली आणि मग तिला नाव मिळाले, म्हणून ते नाव माझ्याजवळ राहिले. या वर्गाची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच आहे आणि चांगल्या सत्रांमध्ये हा क्रम कधीही मोडला गेला नाही.

मराठीतून आलेल्या विद्यार्थ्यांना येथे एक अवघड जागा लागते. मेटाफर म्हणजे रूपक, असे समीकरण आपण सहज मांडतो, पण आपल्या अलंकारशास्त्रात रूपकात उपमेय आणि उपमान यांचा अभेद, म्हणजे दोन्ही एकच आहेत असे, दाखवावे लागते. उपमानच उरले आणि उपमेयाचा उल्लेखच नाहीसा झाला, तर आपण वेगळे नाव देतो. इंग्रजीतले मेटाफर ही सगळी घरे एकाच छपराखाली घेते. दार गिळते या वाक्याला आपण चेतनगुणोक्ती म्हणू आणि तेही चूक नाही. वर्ग इंग्रजीतून चालत असला तरी अशा तुलना करायला मॅडमनी मोकळीक दिली होती, आणि त्या तुलनांमुळे संज्ञेच्या कडा कुठे संपतात ते अधिक नीट दिसले. आयरनीच्या बाबतीत तर मराठीची फार मदत झाली. इंग्रजीत एकच शब्द तीन ठिकाणी वापरतात. बोलणाऱ्याच्या शब्दांत आणि मनात अंतर असते तो आपला उपरोध, परिस्थिती अपेक्षेच्या नेमकी उलट वळते तो दैवदुर्विलास, आणि पात्राला जे माहीत नाही ते प्रेक्षकाला माहीत असते तेव्हा होते ती नाट्यगत वक्रता. मी वहीत हे तीन शब्द शेजारी शेजारी लिहिले आणि त्यानंतर या तीन प्रकारांत माझा गोंधळ झाला नाही.

छंदाच्या सत्रात मात्र मराठीची सवय आडवी आली. आपली वृत्ते लघु-गुरूच्या मोजणीवर उभी असतात आणि आपला गण तीन अक्षरांचा. इंग्रजी फूट, म्हणजे ओळीतल्या लयीचा घटक, सहसा दोन किंवा तीन अक्षरावयवांचा (सिलेबल्सचा) असतो आणि त्यात मोजतात तो आघात, म्हणजे उच्चारातला जोर. आयॅम्बिक पेंटॅमीटर म्हणजे निराघात-साघात अशा जोडीची पाच आवर्तने, एकूण दहा अक्षरावयव. मी सवयीने स्वर दीर्घ की ऱ्हस्व ते पाहत बसे आणि प्रत्येक वेळी चुके. मॅडमनी ओळ मोठ्याने वाचून टेबलावर टिचकी मारायला सांगितली. डोळ्यांनी जे चार दिवस जमले नाही ते कानांना एका सत्रात जमले.

पाचव्या आठवड्यातले सत्र मी सर्वांत जपून ठेवीन. त्या दिवशीचे शब्द ओळखीचे दिसणारे, पण साहित्यात वेगळेच काम करणारे होते. कन्सीट म्हणजे रोजच्या इंग्रजीत गर्व, कवितेत मात्र दूरवर ताणलेली, बुद्धीला आव्हान देणारी तुलना. अपॉस्ट्रफी म्हणजे एरवी लेखनातले चिन्ह, पण कवितेत समोर नसलेल्या व्यक्तीला, मृत्यूला किंवा चंद्राला उद्देशून बोलणे. पथेटिक म्हणजे आज केविलवाणे, परंतु जॉन रस्किन यांनी 1856 मध्ये पथेटिक फॅलसी हा शब्द वापरला तेव्हा त्यातला पथेटिक भावनेशी निगडित होता. निसर्गाला माणसाच्या भावना चिकटवण्याच्या कवींच्या सवयीला त्यांनी ते नाव दिले. आणि फॉइल. रत्न अधिक चमकावे म्हणून त्याच्या मागे धातूचा पातळ पत्रा बसवत, तो फॉइल. नाटकात नायकाचे गुण उठून दिसावेत म्हणून त्याच्या शेजारी उभे केलेले पात्रही फॉइलच. हा पत्रा एकदा डोळ्यांसमोर आला की व्याख्या पाठ करावी लागत नाही. शिवाय परीक्षेत लिहिताना एक प्रश्न आपोआप सुचतो: हे दुय्यम पात्र मुख्य पात्राच्या कोणत्या गुणाला चमक आणते?

शब्दांच्या मुळांकडे वर्गात सतत लक्ष दिले जाई, आणि ते केवळ माहिती म्हणून नव्हे. स्टँझा हा इटालियनमधला खोलीसाठीचा शब्द आहे, हे कळल्यावर कडव्यांच्या मधली मोकळी जागा मला उंबरठ्यासारखी दिसू लागली आणि कवी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत काय घेऊन जातो ते मी शोधू लागले. व्होल्टा म्हणजे वळण. इटालियन पद्धतीच्या सॉनेटमध्ये, म्हणजे चौदा ओळींच्या कवितेत, ते साधारणपणे आठ ओळींनंतर येते, तर शेक्सपिअरच्या रचनेत चार-चार-चार-दोन अशी मांडणी असल्यामुळे शेवटच्या दोन ओळींवर मोठा भार पडतो. त्यांची 154 सॉनेटे 1609 मध्ये छापली गेली. आम्ही त्यांतली सहा वाचली आणि प्रत्येकात वळण नेमके कुठे आहे यावर वाद घातला. दोन सॉनेटांच्या बाबतीत आमचे एकमत झाले नाही. मॅडमनीही निकाल दिला नाही, आणि ते मला योग्य वाटले. हमार्शिया, म्हणजे शोकांतिकेतल्या नायकाची घातक चूक, या शब्दाचे मूळ ग्रीकमध्ये नेम चुकण्याशी जोडलेले आहे. शोकात्म नायकाच्या बाबतीत आपण सर्रास दोष म्हणतो, स्वभावातला डाग शोधत बसतो. नेम चुकला असे म्हटले की नायकाने हेतू धरून बाण सोडला होता हे लक्षात राहते आणि त्याच्याविषयीची करुणा टिकून राहते.

आणखी एक गोष्ट या वर्गाने मनापासून केली. संज्ञा आकाशातून पडत नाहीत, त्या कोणाला तरी एखाद्या विशिष्ट वेळी गरज पडली म्हणून घडवल्या जातात, हे त्यांनी दाखवले. कवी कोलरिज यांनी 1817 मध्ये अविश्वास स्वेच्छेने बाजूला ठेवण्याविषयी लिहिले, कारण अद्भुत प्रसंगांच्या कविता वाचक का स्वीकारतो हे त्यांना सांगायचे होते. कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 मध्ये पात्रांना फ्लॅट (एकाच गुणाभोवती फिरणारी) आणि राउंड (अनेक पैलू असलेली) म्हटले. विल्यम जेम्स यांनी 1890 मध्ये मानसशास्त्रात वापरलेला स्ट्रीम ऑफ कॉन्शसनेस हा शब्दप्रयोग मे सिंक्लेअर यांनी 1918 मध्ये कादंबरीविषयी बोलताना वापरला. मनातल्या विचारांचा हा अखंड ओघ, आपण त्यालाच संज्ञाप्रवाह म्हणतो. समीक्षक वेन बूथ यांनी 1961 मध्ये अविश्वसनीय निवेदकाची, म्हणजे ज्याच्या सांगण्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही अशा कथा सांगणाऱ्याची, कल्पना मांडली. हे सन परीक्षेत विचारले जाणार नव्हते. त्यांचा उपयोग वेगळा होता. ज्या कथा अविश्वसनीय निवेदकाला नाव मिळण्यापूर्वी शंभर वर्षे लिहिल्या गेल्या, त्यांतही तो होताच. वाचकांना तो खटकत होता, फक्त त्या खटकण्याला नाव नव्हते. माझ्या वहीतल्या यादीची मला पूर्वी भीती वाटे. प्रत्येक नोंदीमागे अडलेला एक वाचक आहे हे कळल्यावर ती भीती गेली.

आता लेखनाविषयी. माझ्या दुसऱ्या निबंधात मी लिहिले होते की कवयित्रीने येथे एंजॅम्बमेंटचा, म्हणजे वाक्य न संपवता ओळ तोडून ते पुढच्या ओळीत नेण्याचा, वापर केला आहे. समासात मॅडमचा शेरा होता: मग काय झाले? पुढच्या वाक्यात मी लिहिले होते की त्यामुळे कवितेला गती आली आहे. तेथेही तोच शेरा. मला राग आला, हे कबूल करते. त्या आठवड्यात वाचायला दिलेली कविता एका सहाध्यायीने सरावासाठी लिहिली होती. तिच्या एका ओळीच्या शेवटी ‘शी लेफ्ट द लॅम्प’ असे होते आणि पुढची ओळ ‘अनलिट, अँड वेटेड’ अशी सुरू होत होती. मी ती पुन्हा वाचली. पहिली ओळ संपते तेव्हा वाटते की ती दिवा तेथेच सोडून निघून गेली. पुढच्या ओळीचा पहिला शब्द येतो आणि अर्थ पालटतो. ती गेलेली नाही, तिने फक्त दिवा लावलेला नाही, आणि ती अंधारात वाट पाहते आहे. ओळ जेथे तोडली आहे तेथे वाचकाच्या मनात ती स्त्री क्षणभर निघून जाते आणि परत येते. हे मी तीन वाक्यांत लिहून पाठवले. शेऱ्याच्या जागी एक टिंब होते, आणि त्या टिंबाचा आनंद मला अजून आठवतो. बाराही आठवडे प्रत्येकाच्या प्रत्येक लेखनावर असा हाताने लिहिलेला अभिप्राय मिळाला. अठरा जणांसाठी हे काम किती मोठे आहे याची मला कल्पना आहे, आणि या वर्गाची शिफारस करण्याचे पहिले कारण मी हेच देईन.

शब्दसंग्रहाच्या भागाबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. दर आठवड्याची चाळीस शब्दांची यादी वर्णानुक्रमे लावलेली होती. पहिल्याच यादीत ॲलिगरी, ॲलिटरेशन, ॲल्यूजन आणि ॲसोनन्स एकाखाली एक होते. सारखे दिसणारे आणि सारखे ऐकू येणारे शब्द एकत्र शिकले की ते एकमेकांत मिसळतात. माझ्या बाबतीत ॲल्यूजन (दुसऱ्या कृतीचा ओझरता उल्लेख) आणि ॲलिगरी (वरच्या कथेतून दुसराच अर्थ सांगणारी रचना) तीन आठवडे जागा बदलत राहिले. हेच शब्द ज्या उताऱ्यात भेटतात त्या उताऱ्याच्या सोबतीने दिले असते तर प्रत्येकाला आपापला शेजार मिळाला असता. चाचणी चार पर्यायांतून एक निवडण्याची होती. तिच्यात माझे गुण चांगले येत आणि दुसऱ्या दिवशी लिहायला बसले की शब्द सापडत नसे. दिलेल्या चारांतून शब्द ओळखणे आणि कोरा कागद समोर असताना तो स्वतः काढणे, या दोन वेगळ्या क्षमता आहेत. वर्गातल्या चर्चेत दुसरीची मशागत होत होती, तर चाचणीत फक्त पहिलीची मोजदाद.

उच्चारांकडे झालेले दुर्लक्ष ही माझी दुसरी तक्रार. पुस्तिकेत जवळजवळ दोनशे संज्ञा आहेत, त्यांतल्या कितीतरी ग्रीकमधून आलेल्या, आणि एकीचाही उच्चार दिलेला नाही. हायपरबोलीला मी कित्येक वर्षे हायपरबोल म्हणत आले होते. सिनेक्डकी हा शब्द तर छापील रूपावरून कोणालाही नीट वाचता येणार नाही. जो शब्द उच्चारताना जीभ अडखळते तो शब्द माणूस चर्चेत वापरायचे टाळतो, आणि वापरला नाही की तो विसरतो. प्रत्येक संज्ञेचे दोन सेकंदांचे ध्वनिमुद्रण दिले असते तर हा अडथळा दूर झाला असता.

या उणिवा भरून काढण्यासाठी मी वहीची पद्धत बदलली. ज्यांना हा किंवा असा वर्ग करायचा आहे त्यांना ती उपयोगी पडेल म्हणून सांगते. आता एका पानावर एकच शब्द असतो. सर्वांत वर ज्या ओळीत तो सापडला ती ओळ, त्याखाली ती ओळ वाचताना मला काय झाले ते मराठीत, त्याखाली संज्ञा आणि तिचा उच्चार देवनागरीत, आणि शेवटी त्या संज्ञेने दुसऱ्या एखाद्या उताऱ्याविषयी मी स्वतः लिहिलेले एक वाक्य. व्याख्या मी लिहीतच नाही. ते पान दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्याने उघडते, संज्ञा हाताने झाकते आणि ओळीवरून ती आठवते का ते पाहते. मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःच्या स्मरणावर केलेल्या प्रयोगांतून दाखवले की विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो आणि अंतराने केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकते. आठवड्याला चाळीस शब्द या पद्धतीने होत नाहीत. माझे बारा ते पंधरा झाले, पण ते आज बोलताना तोंडात येतात.

जुन्या इंग्रजी पानांतल्या सोप्या शब्दांवरचे सत्र थोडक्यात आटोपले गेले याची हुरहुर आहे. प्रेझेंटली हा शब्द शेक्सपिअरच्या काळात बहुधा ताबडतोब या अर्थाने येई, स्टिल अनेकदा नेहमी या अर्थाने. नाइस एके काळी मूर्ख माणसाविषयी वापरत, तर सिलीचा खूप जुना अर्थ सुखी किंवा धन्य असा होता. असे शब्द कोशात शोधावेत असे आपल्याला वाटतच नाही, म्हणून ते कठीण शब्दांपेक्षा जास्त फसवतात. मराठी वाचकाला हे समजायला वेळ लागत नाही. संस्कृतमधली शिक्षा शिकवण्याची होती आणि आपल्याकडे ती दंडाची झाली, संस्कृतमधली चेष्टा हालचालीची होती आणि आपल्याकडे ती थट्टेची. या विषयाला किमान दोन पूर्ण सत्रे हवी होती.

हा वर्ग कोणी करावा? ज्यांना परीक्षेपूर्वी पंधरा दिवसांत संज्ञांची उत्तरे हवी आहेत त्यांनी करू नये. त्यांना मॅडमचा शांतपणा असह्य होईल. ज्यांचे इंग्रजी वाचन अगदीच प्राथमिक आहे त्यांनाही सुरुवातीचे तीन आठवडे जड जातील, कारण उतारे भाषांतर करून दिले जात नाहीत. पण ज्यांना वाचताना काहीतरी जाणवते आणि ते सांगण्यासाठी शब्द अपुरे पडतात, त्यांनी जरूर करावा, आणि दर आठवड्याचे पानभर लेखन एकदाही चुकवू नये. आमच्यातले पाच जण फक्त सत्रे ऐकत राहिले. त्यांना पुस्तिकेपलीकडे फारसे काही मिळाले नाही, असे त्यांनीच शेवटच्या सत्रात सांगितले.

अभिप्रायाच्या अर्जात मी शब्दयाद्या उताऱ्यांनुसार लावाव्यात आणि उच्चारांची ध्वनिमुद्रणे द्यावीत असे लिहून पाठवले. याद्यांचा बदल पुढच्या तुकडीपासून करण्याचे त्यांनी मान्य केले आहे, ध्वनिमुद्रणांबद्दल अजून उत्तर आलेले नाही. कथा आणि कादंबरी यांवरचा या वर्गाचा दुसरा भाग सुरू होतो आहे. त्यासाठी मी नाव नोंदवले आहे आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर फॉइल हा शब्द लिहून ठेवला आहे. वरची ओळ अजून रिकामी आहे.